दिवा आणि दिवठण

दिवेलागणीला सर्वांचे लक्ष ज्योतीकडे जाते. समई आठवते ती घासावयास काढली म्हणजे. ख्रिस्ती धर्मग्रंथाने मात्र या दुर्लक्षित वस्तूला मोठा अर्थ दिला आहे. तो मराठी श्रोत्याच्या सहसा ध्यानात येत नाही, याचे एक कारण भाषेत आहे. प्रचलित मराठी बायबलात निर्गमाच्या पुस्तकात ‘दीपवृक्ष’ येतो, मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘दिवठण’ आणि प्रकटीकरणात ‘समई’. ग्रीक बायबलात तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे: ‘लुख्निया’. मराठी शब्द आपापल्या जागी गोडच आहेत. पण त्यांना जोडणारा धागा दिसेनासा होतो.

सिनाय पर्वतावर मोशेला दीपवृक्ष घडविण्याची आज्ञा झाली. एक किक्कार, म्हणजे सुमारे ३४ किलो, शुद्ध सोने. काम ओतीव नव्हे, घडीव. मधल्या दांड्याच्या दोन्ही अंगांस तीन-तीन शाखा, वर सात दिवे, आणि शाखांवर बदामाच्या फुलांच्या घाटाच्या वाट्या. त्या प्रदेशात हिवाळा सरता सरता इतर झाडांआधी बदाम फुलतो. ही वस्तू म्हणजे जणू मोहरलेले झाडच! तेल मात्र लोकांनी आणावयाचे, तेही निर्भेळ जैतुनाचे.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील दीपवृक्ष विजयाच्या मिरवणुकीत रोमला नेला. तो खांद्यांवर वाहणारी माणसे तीतसच्या कमानीवर आजही कोरलेली दिसतात.

बहुतेक अभ्यासकांच्या मते प्रकटीकरण त्यानंतर सुमारे २५ वर्षांनी लिहिले गेले. त्यात योहानाला सोन्याच्या सात समया दिसतात, आणि त्यांच्यामधून वावरणारा ख्रिस्त. समया म्हणजे आशिया प्रांतातील सात ख्रिस्ती मंडळ्या, हा उलगडा ग्रंथातच केलेला आहे. मोशेच्या दीपवृक्षाला दिवे सात, पण बूड एक; येथे प्रत्येक समई आपल्या बुडावर स्वतंत्र उभी. प्रत्येकीचा हिशेबही निराळा.

पहिला हिशेब इफिसच्या मंडळीचा. तिचे श्रम, तिची सहनशीलता, खोट्या प्रेषितांना ओळखण्याची तिची दक्षता यांची प्रशंसा होते. उणे एकच: पहिली प्रीती सुटली. पश्चात्ताप न झाल्यास समई तिच्या जागेवरून काढण्यात येईल, असे तिला बजावले जाते. ज्योत विझविण्याची भाषा येथे नाही. उजेड मंडळीच्या मालकीचा नव्हेच; तो उंच धरणे एवढेच तिचे काम. मंदिराचा दीपवृक्ष शत्रूने उचलून नेल्याचे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्या कानी हा इशारा किती कठोर वाटला असेल!

मत्तयातील वचनही याच अर्थाचे आहे. दिवा मापाखाली झाकीत नाहीत, दिवठणीवर ठेवितात. ‘माप’ म्हणजे व्यापाराचा लोभ, असा अर्थ कोणी काढतात; तो ओढून आणलेला वाटतो. एका खोलीचे घर आणि एकच दिवा, एवढे डोळ्यांपुढे आणले तरी वचन स्पष्ट होते.

इफिसची मंडळी पुढे लगेच नष्ट झाली, असे मात्र नाही. ४३१ साली तेथेच भरलेल्या धर्मपरिषदेने मरियेची ‘देवमाता’ ही पदवी मान्य केली. नदीच्या गाळाने बंदर हळूहळू भरत गेले, व्यापार आटला, वस्ती उठली. आज तुर्कस्तानात सेल्चुक गावाजवळ त्या नगराचे अवशेष आहेत, आणि समुद्र तेथून काही किलोमीटर दूर गेला आहे.