फझ फेस : दोष सांध्यांत शोधा

माईकच्या स्टँडची गोल बैठक पाहून निर्माते इव्हॉर आर्बिटर यांना या गिटार-पेडलचा आकार सुचला म्हणतात. दोन नॉबचे डोळे, खाली अक्षरांचं हसू. लंडनमध्ये १९६६ साली निघालेला हा फझ फेस जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली गेला आणि जगभर पोचला. तळाचा पत्रा काढला की मात्र थोडी निराशाच होते. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट; बाकी त्या जडशीळ डब्यात हवाच.

‘बंद पडलाय’ म्हणून टेबलावर येतो तेव्हा दोष बहुधा या अकरा जणांचा नसतो. जे टेकतं, घासतं, वाकतं, ते आधी जातं. म्हणून सोल्डरिंग गन लगेच तापवू नये. पेडल बायपासवर, म्हणजे फझ बंद ठेवून गिटार वाजवावी. आवाज सरळ अँपपर्यंत पोचला, तर केबल आणि आउटपुट जॅक निर्दोष सुटले. जुन्या फझ फेसला लाल दिवा नाही, तेव्हा चालू की बंद हे कानानंच ठरवायचं.

मग नऊ व्होल्टची बॅटरी. नवी असेल तर मीटर नऊच्या वर दाखवतो. सातवर आली असेल तर वाद न घालता बदलावी. पण खरा चोर असतो क्लिप. तिच्या टोप्या सैल पडतात, गळलेल्या बॅटरीमुळे त्यांवर हिरवट मळ चढतो, आणि तार बुडाशी तुटूनही वरच्या वेष्टणामुळे शाबूत दिसते. तार हलवताना आवाज खरखरत आला-गेला, तर क्लिपच बदलायची.

इथे सवयीचा हात फसतो. सुरुवातीच्या फझ फेसमधले जर्मेनियम ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे, त्यामुळे बॅटरीची धन बाजू ग्राउंडला आणि ऋण बाजू सर्किटला. धन बाजूची लाल तार जाते इनपुट जॅकच्या मधल्या पट्टीवर. गिटारची पिन आत शिरली की ती पट्टी पिनेमार्फत ग्राउंडला जोडली जाते आणि सर्किट सुरू होतं. इनपुट जॅक हाच मेन स्विच. पिन रात्रभर आत राहिली तर बॅटरीही रात्रभर चालू. मीटरचा एक प्रोब डब्याला, दुसरा ऋण बाजूच्या काळ्या तारेला लावा: पिन घातल्यावर उणे नऊच्या आसपास आकडा यायला हवा. नाही आला, तर पट्टी साफ करून किंचित आत वाकवा. बरीचशी ‘मेलेली’ पेडलं एवढ्यावर उठून बसतात. इतर पेडलांबरोबर एकाच ॲडॅप्टरवर मात्र याला जोडू नये. याचं ग्राउंड उलटं, सरळ शॉर्ट होतो.

एवढं करूनही आवाज फाटका, तुटक येत असेल तरच ट्रान्झिस्टरकडे वळावं. दुसऱ्याच्या कलेक्टरवर साधारण उणे साडेचार व्होल्ट हवेत; हाच त्याचा बायस. जर्मेनियम उष्णतेला हळवं. गळती वाढली की आकडा सरकतो. लंडनच्या थंडीत गोड वाजणारं पेडल मे महिन्यातल्या मुंबईत कुरकुरलं, तर आधी पंख्याखाली ठेवून पुन्हा मोजावं.

बॅटरीच्या जातीवरून वादकांत पंथ आहेत. गिटारवादक एरिक जॉन्सनसारख्याला त्यातला फरक ऐकू येतो म्हणे. त्याच्या कानांशी मी काय भांडणार! पण हिशेब सांगतो की हे सर्किट एक मिलीअँपिअरच्याही आत ओढतं. साध्या झिंक-कार्बन बॅटरीचा अंतर्गत रोध तीस-चाळीस ओहम धरला, तरी व्होल्टेज पडणार एका व्होल्टच्या पंचविसाव्या भागाएवढं. अर्धवट उतरलेल्या बॅटरीची गोष्ट वेगळी. तिथे बायस खरोखरच बदलतो आणि काहींना तोच आवाज आवडतो.

बायस जुळवायला ८.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, बसवायची पद्धत आहे. करायचंच असेल, तर ट्रान्झिस्टरच्या पायाला क्रोकोडाइल क्लिप लावून उष्णता अडवावी आणि काढलेला रेझिस्टर पुडीत बांधून डब्यातच ठेवावा. पुढच्या मालकाला तो लागेल.