पदराच्या गाठीतला पैसा

पंढरपूरला निघताना आजी पदराच्या टोकाला नाणी बांधायची. सोलापूरहून एसटी सुटली की मी ती गाठ चाचपत बसे. विठ्ठलाच्या पायावर ठेवलेला हा पैसा पुढे कुणाचा होतो, हे कोडं तेव्हा पडलं आणि कायदा वाचू लागल्यावर आणखीच पक्कं बसलं.

कायद्याचं उत्तर असं, की पैसा देवाचाच. प्रतिष्ठापना झालेली मूर्ती ही कायद्याने व्यक्ती असते. तिच्या नावावर जमीन असते, तिच्या वतीने दावा लावता येतो. पण स्वतःचा कारभार तिला पाहता येत नाही, म्हणून तिचं हित अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलासारखं जपायचं. लाखो वारकरी ज्याला माउली म्हणतात, तो कोर्टाच्या लेखी कायमचं अज्ञान लेकरू. मला ही कल्पना फार हृद्य वाटते.

विश्वस्ताच्या निष्ठेचा सर्वांत कडक निवाडाही एका लेकरापायीच झाला. लंडनजवळच्या रॉमफर्ड बाजाराचा भाडेपट्टा एक विश्वस्त लहान मुलासाठी सांभाळत होता. मुदत संपत आली तेव्हा त्याने मुलासाठी नवा पट्टा मागितला. मालकाने अज्ञानाला द्यायला नकार दिला, तेव्हा त्याने तो स्वतःसाठी घेतला. यात लबाडी कसलीच नव्हती. तरीही 1726 मध्ये लॉर्ड चॅन्सेलर किंग यांनी पट्टा आणि नफा दोन्ही मुलाचेच ठरवले. साऱ्या जगाला तो पट्टा घेता आला असता, विश्वस्ताला मात्र नाही. आपल्या 1882 च्या न्यास कायद्याचं कलम 51 हेच सांगतं. तो कायदा सार्वजनिक देवस्थानांना लागू नाही, पण त्यामागचं तत्त्व त्यांनाही चुकत नाही.

आता पंढरपूर. बडवे म्हणजे विठ्ठलाचे वंशपरंपरागत पुजारी. त्यांच्याविषयी एका वाक्यात निकाल देणं मला पटत नाही. औरंगजेबाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला पडली, तेव्हा मूर्ती देगावला लपवून राखल्याची आठवण परंपरा सांगते, आणि त्या आठवणीत बडवे आहेत. जिवावर उदार होऊन देव जपणं याहून मोठी निष्ठा कोणती?

पण त्याच घराण्यांत देवापुढचं उत्पन्न गोळा करण्याचा हक्क आपसांत लिलावाने जाई. माझं सगळं वाचन या लिलावापाशी येऊन थांबतं. बोली जिंकणाऱ्याने आधी पैसे मोजलेले. ते निघायला हवेत, वर चार उरायलाही हवेत. अशा वेळी समोर एक म्हातारी पदराची गाठ सोडते आहे. गाभाऱ्यातल्या माणसाचं लक्ष तिच्या दर्शनाकडे राहील की गाठीकडे? तो माणूस वाईट असायची गरजच नाही. देवाचं हित आणि त्या माणसाचा धंदा लिलावाच्या रचनेनेच समोरासमोर आणून ठेवले होते.

1968 मध्ये सरकारने मंदिराच्या कारभाराच्या चौकशीसाठी नाडकर्णी आयोग नेमला. त्यातून 1973 चा पंढरपूर मंदिरे कायदा आला आणि बडवे आणि उत्पात, सेवाधारी ही मंदिरातली इतर सेवेकरी घराणी, या सगळ्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले. कोर्टातली लढाई चालतच राहिली. कारभार 1985 मध्ये समितीकडे आला आणि सर्वोच्च न्यायालयाने 15 जानेवारी 2014 रोजी बडव्यांचं अपील फेटाळलं. त्याच वर्षी समितीने पूजेसाठी स्त्रियांच्या आणि ब्राह्मणेतरांच्याही मुलाखती घेतल्या.

हे व्हायलाच हवं होतं. पण लिलाव गेला म्हणजे निष्ठा आपोआप आली, असं मी मानत नाही. सरकारने नेमलेल्या समितीलाही रॉमफर्डचीच कसोटी लावली पाहिजे. उद्या एखाद्या सदस्याने लाडवांचं कंत्राट मेहुण्याला दिलं आणि ते सर्वांत स्वस्त असलं, तरी ते चूकच. भाव रास्त होता का, हा प्रश्न नंतरचा. आधी त्याने लेकराच्या घरात आपलं दुकान मांडलं का, हे पाहायचं. आणि ते विचारायचं आपणच, कारण विटेवरचं लेकरू हिशेब मागायला येत नाही.