‘हॅपी’ म्हणायचं की नाही?

समजा, तुम्ही एखाद्या चिनी मैत्रिणीला ‘हॅपी दुआनवू’ असा मेसेज टाकलात. ती बहुतेक हसून थँक्यू म्हणेल. पण एखादी सांगेलही, ‘या दिवशी हॅपी नाही म्हणत, सुखरूप राहा म्हणतात.’ यावरून चिनी सोशल मीडियावर वाद रंगतात. एका कवीने ज्या दिवशी नदीत जीव दिला, त्या दिवशी ‘हॅपी’ कसलं?

दुआनवू म्हणजे ड्रॅगन बोटींचा सण. चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याची पंचमी, साधारण आपली ज्येष्ठ शुद्ध पंचमी. कवीचं नाव छ्यू युआन. चू राज्याच्या दरबारात तो मोठ्या पदावर होता. बलाढ्य छिन राज्यावर विसंबू नका, छी राज्याशी दोस्ती करा, असं तो राजाला सांगत राहिला. राजाने त्यालाच दूर केलं. पुढे तोच राजा छिनच्या कैदेत मेला. इसवी सनपूर्व 278 मध्ये छिनच्या सैन्याने चूची राजधानी घेतली आणि हद्दपार छ्यू युआनने मिलुओ नदीत उडी घेतली, असं परंपरा सांगते. लोक होड्या घेऊन धावले, तो सापडला नाही. निदान माशांनी त्याला खाऊ नये म्हणून पाण्यात भात टाकला. म्हणून आजही ढोलाच्या तालावर होड्यांच्या शर्यती होतात आणि पानात बांधून शिजवलेल्या चिकट भाताचा ‘झोंगझी’ घरोघरी खाल्ला जातो.

गोष्ट काळजाला भिडते. पण सण इथून सुरू झाला, हे काही पटत नाही.

कारण त्याच काळात, त्याच छी राज्यात, पाचव्या महिन्याच्या पंचमीला तिएन वन नावाचा मुलगा जन्मला. बाप म्हणाला, टाकून द्या. या दिवशी जन्मलेलं मूल दाराच्या उंचीचं झालं की आईबापाच्या मुळावर येतं, अशी समजूत! आईने त्याला चोरून वाढवलं. पुढे पोराने बापालाच विचारलं, ‘माणसाचं नशीब आकाश ठरवतं की दार? दार ठरवत असेल तर ते उंच करून घ्या की!’ बाप गप्प. सिमा छ्येन या इतिहासकाराने नोंदवलेला हा किस्सा कवीच्या मृत्यूच्या कितीतरी आधीचा. म्हणजे हा दिवस तेव्हाही भीतीचाच होता.

भीती कसली? उन्हाळ्याची. उकाडा, दमट हवा, रोगराई. लोक याला ‘विषारी महिना’च म्हणायचे. साप, विंचू, गोम, पाल आणि बेडूक ही पाच ‘विषं’. त्यांना दूर ठेवायला दारावर दवण्याच्या कुळातली एक उग्र वासाची वनस्पती आणि तलवारीसारखी दिसणारी वेखंडाची पानं टांगतात. हो, आजीच्या बटव्यातलं तेच वेखंड! मुलांच्या मनगटावर पाचरंगी दोरा, अंगावर सुगंधी औषधांची पुरचुंडी. मोठी माणसं तर पूर्वी दारूत मनशीळ घालून प्यायची. मनशीळ म्हणजे आर्सेनिकचं खनिज. विषाच्या भीतीने विषच पिणं! ती प्रथा आता बरीच मागे पडली आहे. सणाला मात्र 2008 पासून चीनमध्ये सार्वजनिक सुट्टी आहे आणि 2009 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागाही मिळाली.

सण कवीच्या आधीचा आहे, दक्षिणेकडच्या ड्रॅगन पुजणाऱ्या लोकांचा आहे, हे जोरात मांडलं ते वन यिदुओ या अभ्यासकाने. तो स्वतः कवी. तरी छ्यू युआनला त्याने ‘जनतेचा कवी’ म्हटलं. 15 जुलै 1946 रोजी खुनमिंग शहरात, खून झालेल्या एका सहकाऱ्याच्या शोकसभेत, तो सत्तेविरुद्ध बोलला. त्याच दिवशी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.