बंगला खरा, मालक खोटा

पावसाळ्यातल्या शनिवारी खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग लागते, तेव्हा त्यातल्या बहुतेकांनी मुक्कामाची सोय आधीच मोबाइलवरून करून ठेवलेली असते. तुंगार्ली, वलवण, वरसोलीतले बंगले, पवना धरणाच्या काठावरचे तंबू, कार्ला-मळवलीकडची शेतघरे यांचे व्यवहार आता फोटो पाहून, व्हॉट्सअॅपवर बोलून आणि यूपीआयने आगाऊ पैसे पाठवून होतात. बहुतेक वेळा ते सुरळीत पार पडतात. काही वेळा मात्र मुलाबाळांसह आलेले कुटुंब फाटकाशी उभे राहते, मोबाइलवरची पावती दाखवते आणि राखणदार सांगतो, "या नावाचं बुकिंग आमच्याकडे नाही." बंगला फोटोतलाच असतो, तरणतलावही तोच असतो. पैसे घेणारा माणूस मात्र त्या बंगल्याचा कोणीच नसतो.

लोणावळा आणि पवना परिसरातील अशा फसवणुकीच्या तक्रारी गेली काही वर्षे पोलिसांकडे येत आहेत. पावसाळा, दिवाळीची सुटी आणि ३१ डिसेंबर हे या भामट्यांचे हंगाम. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने चारधामचे यात्रेकरू आणि पर्यटक यांना बनावट बुकिंग संकेतस्थळांबाबत सावध केले होते. केदारनाथचे हेलिकॉप्टर असो की लोणावळ्याचा बंगला, पद्धत एकच आहे.

संगणक सुरक्षा म्हटले, की कोणीतरी आपल्या यंत्रात घुसतो असे चित्र डोळ्यांपुढे येते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर तसाच हल्ला झाला. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणाच चोरांनी चकवली आणि सुमारे ९४ कोटी रुपये काढून घेतले. बंगल्याच्या बुकिंगमध्ये असे काहीच होत नाही. फोन सुरक्षित असतो, बँकेची यंत्रणा शाबूत असते, पासवर्डही कोणाला कळत नाही. पैसे पाठवणारा स्वतःच पिन टाकतो. म्हणून इथे अँटिव्हायरस कामाला येत नाही. कामाला येते ती पैसे पाठवण्याआधीची पाच मिनिटांची पडताळणी.

सापळा कसा रचतात

खऱ्या बंगल्याचे फोटो बुकिंगच्या संकेतस्थळांवर कोणालाही दिसतात. भामटा ते उतरवून घेतो, मिळत्याजुळत्या नावाने इन्स्टाग्रामवर पान किंवा संकेतस्थळ उघडतो आणि त्याची जाहिरात करतो. जाहिरातीला पैसे मोजलेले असल्याने ती शोधाच्या यादीत वर दिसते. वर दिसते म्हणून ती खरी वाटते. तारांकित अभिप्रायही विकत मिळतात.

फोन केला, की पलीकडचा माणूस अगदी नम्रपणे बोलतो. भाडे बाजारभावापेक्षा थोडे कमी सांगतो. फारच कमी सांगितले तर संशय येईल, हे त्याला ठाऊक असते. मग म्हणतो, "आणखी दोन पार्ट्या विचारतायत, अर्ध्या तासात निम्मे पैसे टाकलेत तर तुमच्यासाठी ठेवतो." इथेच सावध व्हायला हवे. संधी हातची जाईल असे वाटले, की माणूस घाईने निर्णय घेतो. मन वळवण्याच्या तंत्रांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चियाल्डिनी यांनी टंचाईचा हा परिणाम १९८४ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडला आहे. घाईत आपण विचारायचे प्रश्न विसरतो, एवढीच भामट्याची अपेक्षा असते.

विश्वास बसावा म्हणून तो आधार कार्डाचा फोटोही पाठवतो. पण ते कार्ड आधी फसवलेल्या दुसऱ्याच कोणाचे असू शकते. म्हणूनच आपले आधार व्हॉट्सअॅपवर पाठवायची वेळ आली, तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' काढून घ्यावे. त्यावर क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

कुलूप म्हणजे खात्री नव्हे

पत्त्याच्या पट्टीत कुलपाचे चिन्ह असले, की संकेतस्थळ खरे, असा अनेकांचा समज आहे. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यातला मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आज फुकट मिळते, ते चोरही घेतात. हा गैरसमज लक्षात घेऊनच गुगलने २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधले कुलूप काढून तिथे दुसरे चिन्ह आणले.

पत्त्याचा शेवटचा भाग वाचणे अधिक उपयोगाचे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत 'बँक डॉट इन' या पत्त्यावर येण्यास सांगितले होते. खासगी बंगल्यांसाठी अशी राखीव ओळख नाही. त्यामुळे तिथे पडताळणी आपणच करायची.

त्यातला सोपा उपाय म्हणजे फोटो उलटा शोधणे. गुगल लेन्समध्ये बंगल्याचा फोटो टाकला, की तोच फोटो आणखी कुठे आहे ते दिसते. एकच बंगला दोन वेगळ्या नावांनी, दोन वेगळ्या क्रमांकांसह दिसला, तर थांबावे. दुसरा उपाय व्हिडिओ कॉलचा. फाटकापासून खोलीपर्यंत आत्ता चालत दाखवा, असे सांगावे. "इथे रेंज नाही" ही सबब हमखास येते. पवन मावळात आणि घाटमाथ्यावर काही ठिकाणी रेंज जाते हे खरेच आहे, म्हणून ती पटतेही. अशा वेळी रेंज येईल तेव्हा बोलू, तोवर पैसे नाहीत, एवढे उत्तर पुरते.

आधी नाव, मग पिन

यूपीआयमध्ये पिन टाकण्याआधी पडद्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव येते. ते बँकेच्या नोंदीतलेच असावे, समोरच्याने स्वतः ठेवलेले किंवा आपण फोनमध्ये साठवलेले नव्हे, असा आदेश भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने दिला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ३० जून २०२५ ही मुदत ठेवली. बोलणे एका बंगल्याच्या नावाने झाले आणि पडद्यावर भलत्याच व्यक्तीचे नाव आले, तर कारण विचारावे. "कंपनीचं खातं बंद आहे, मॅनेजरच्या खात्यावर टाका" हे कारण पुरेसे नाही. नाव जुळले तरी तो पूर्ण पुरावा होत नाही, कारण भामटे थोड्या पैशांच्या मोबदल्यात दुसऱ्यांची बँक खाती वापरतात. न जुळलेले नाव मात्र स्पष्ट इशारा असतो.

मोठी रक्कम असेल तर ओळखीच्या बुकिंग मंचावरून, शक्यतो क्रेडिट कार्डाने भरावी. सेवा मिळाली नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या व्यवहाराला हरकत घेता येते. यूपीआयने स्वतःहून पाठवलेली रक्कम काही क्षणांत पलीकडे जमा होते.

परताव्याचा दुसरा सापळा

फसलेल्या माणसाला लगेच दुसऱ्यांदा फसवतात. बुकिंग रद्द झाले, पैसे परत देतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, असे सांगतात. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले.

परताव्यासाठी इंटरनेटवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधणेही धोक्याचे, कारण असे बनावट क्रमांक पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा माणूस पडदा दाखवणारे अॅप घ्यायला सांगतो आणि मग आपल्या फोनवरचे सारे त्याला दिसू लागते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्क अॅपच्या अशा गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते.

द्रुतगती मार्गावरून ये-जा करणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. वेगमर्यादा मोडल्याचे चलन म्हणून 'एपीके' अशी अक्षरे असलेली फाइल आली, तर ती उघडू नये. ते चलन नसते, फोनमध्ये शिरणारे अॅप असते. खरे चलन महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या 'गव्ह डॉट इन' असलेल्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहता येते.

मालकांचेही नुकसान

फसलेला पर्यटक परत जातो, पण नाव बदनाम होते ते मावळातल्या खऱ्या मालकाचे. अनेक कुटुंबांनी जमिनीच्या तुकड्यावर दोन खोल्या किंवा चार तंबू उभारून हा व्यवसाय सुरू केला आहे. त्यांनी गुगल मॅप्सवरची आपली नोंद स्वतःच्या नावाने पडताळून घ्यावी. नोंदीतला फोन क्रमांक बदलण्याची सूचना तिऱ्हाईतही करू शकतो, त्यामुळे तो महिन्यातून एकदा तपासावा. फोटोंच्या मधोमध आपले नाव आणि क्रमांक छापावा, कोपऱ्यातले नाव सहज कापता येते. पैसे कोणत्या नावाच्या खात्यावर घेतले जातात, हे जाहीर लिहावे. व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामला द्विस्तरीय पडताळणी लावावी.

भाड्याने घर देणाऱ्यांनाही वेगळा धोका आहे. लष्करी अधिकारी असल्याचे सांगून, गणवेशातला फोटो पाठवून, भाडे देण्याच्या बहाण्याने क्यूआर कोड स्कॅन करायला लावण्याची युक्ती देशभर वापरली गेली आहे. आयएनएस शिवाजीसारखा नौदलाचा तळ असलेल्या लोणावळ्यात असा फोटो चटकन खरा वाटू शकतो.

पैसे गेलेच तर

लाज वाटून गप्प बसण्यात सर्वांत मोठे नुकसान आहे. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा किंवा 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपल्या बँकेचे नाव हाताशी ठेवावे. तक्रार त्या यंत्रणेतून संबंधित बँकेकडे जाते. पैसे खात्यात शिल्लक असतील तर ते गोठवले जातात, पुढच्या खात्यात गेले असतील तर त्या बँकेला कळवले जाते. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवत असल्याने इथे मिनिटांना किंमत आहे. गोठवलेली रक्कम पुढे कायदेशीर प्रक्रियेनंतर परत मिळू शकते.

बँक भरपाई देईलच, असे मात्र धरून चालू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने बाहेरच्या कोणी घडवलेल्या अनधिकृत व्यवहारात, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास, ग्राहकाला संरक्षण दिले. पण फसून का होईना, आपणच पिन टाकून पाठवलेले पैसे या व्याख्येत बसवणे कठीण जाते.

पोलिस ठाण्याच्या हद्दीचाही घोळ नको. लोणावळा, कामशेत आणि वडगाव मावळ पुणे ग्रामीण पोलिसांकडे, तर तळेगाव दाभाडे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे येते. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यानुसार गुन्हा कुठेही घडला तरी दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. मुंबईच्या पर्यटकाने त्यासाठी लोणावळ्यातच थांबण्याची गरज नाही. व्हॉट्सअॅपवरचे संभाषण, जाहिरात आणि पावती यांचे स्क्रीनशॉट पुसू नयेत.

बुकिंगआधी पाच मिनिटे

• बंगल्याचा फोटो गुगल लेन्सवर शोधा.
• व्हिडिओ कॉलवर जागा पाहा.
• जवळच्या हॉटेलात किंवा दुकानात फोन करून बंगल्याची आणि मालकाची चौकशी करा.
• पडद्यावरचे खातेदाराचे नाव वाचून मगच पिन टाका.
• "अर्ध्या तासात पैसे टाका" म्हणणाऱ्याला उद्या कळवतो म्हणून सांगा. मालक खरा असेल, तर तो उद्याही फोन उचलेल.