अडीचची रेघ

आंबेमोहराचा दाणा साधारण ५.५ मिलिमीटर लांब आणि २.२ मिलिमीटर रुंद. भागाकार करून पाहा, बरोबर अडीच येतात. सरकारी धान खरेदीत ‘अ’ दर्जा आणि साधारण दर्जा यांच्यामधली रेघ नेमकी इथेच आहे. लांबी रुंदीच्या अडीचपट किंवा जास्त भरली तर ‘अ’, नाहीतर साधारण. २०२५-२६च्या हंगामात हमीभाव होते २,३८९ आणि २,३६९ रुपये, म्हणजे रेघेचं मोल क्विंटलमागे २० रुपये. आंबेमोहरासारखा सुवासिक तांदूळ हमीभावाच्या केंद्रावर कोण नेईल म्हणा! पण ही मोजपट्टी वास घेत नाही, हे त्याच्याकडे पाहून चटकन कळतं.

गिरणीवाल्याचा जीव मात्र लांबीपेक्षा अख्ख्या दाण्यात अडकलेला असतो. पूर्ण लांबीच्या पाऊण हिश्शाहून आखूड तो तुकडा. तुकडा गिरणीत पडतो, पण त्याची सुरुवात बऱ्याचदा शेतात होते. वाळलेल्या दाण्यावर रात्री दव किंवा अवेळी सर पडली की बाहेरचा थर पाणी पिऊन फुगतो, आतला गाभा कोरडाच राहतो. फुगणारा थर गाभ्याला ताणतो आणि दाण्याला आडवी चीर जाते. तुसाआड ती दिसत नाही. पॉलिशच्या दाबाखाली उघडी पडते. दाण्याच्या पोटातला खडूसारखा पांढरा डागही असाच दगा देतो. तिथे स्टार्चचे कण सैल बसलेले असतात, मधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो म्हणून डाग पांढरा दिसतो, आणि दाणा तिथेच कच्चा राहतो. उकड्या तांदळात वाफेने स्टार्च चिकटून चिरा सांधल्या जातात. म्हणून सरकारी निकषात कच्च्या तांदळाला २५ टक्के तुकडा चालतो, उकड्याला १६च.

तुकडा वेगळा काढणारं यंत्र म्हणजे आतून खळगे असलेला फिरता पिंप. आखूड तुकडे खळग्यात बसून वर चढतात आणि मधल्या पन्हाळीत पडतात. अख्खा दाणा खळग्यात मावत नाही, घसरून खालीच राहतो. सुपात तांदूळ घोळून कणी बाजूला काढणाऱ्या बायका हेच काम यंत्राशिवाय करतात.

आंबेमोहराची कणी अख्ख्या तांदळाहून स्वस्त मिळते. वास तोच असतो. आमच्याकडे पेजेला मुद्दाम तीच आणतात.