पॅनेलची यादी म्हणजे पॅनेल नव्हे

फ्लो सायटोमेट्रीत (पेशी एकेक करून लेसरसमोरून नेऊन तपासण्याचे तंत्र) पेशींना निरनिराळ्या चमकत्या रंगांचे प्रतिपिंड चिकटवतात. कोणता प्रतिपिंड कोणत्या रंगात, या जुळणीला पॅनेल म्हणतात. एका प्रयोगशाळेने पडताळलेले पॅनेल दुसरीने उचलले की निकालही तसाच येतो, असा समज सहज होतो. तो अर्धाच खरा आहे. सुरात लावलेला तबलाही दुसऱ्या गावी नेल्यावर मैफलीपूर्वी पुन्हा लावावा लागतो. लेसर, फिल्टर यंत्रागणिक बदलतात. म्हणून प्रतिपिंडाची मात्रा नव्या जागी तपासावी लागते. कॉम्पेन्सेशन (एका रंगाचा दुसऱ्यात सांडलेला प्रकाश वजा करणे) तर शेजारच्या संस्थेकडूनही उसने घेता येत नाही.

मग देवाणघेवाण कशासाठी? रंगांची जुळणी हेच सर्वांत वेळखाऊ काम. ते बरेचसे वाचते. ‘सायटोमेट्री पार्ट ए’ हे नियतकालिक 2010पासून अशी पॅनेले ‘ओमिप’ या नावाने छापते. त्यांत प्रतिपिंडाचा क्लोन (एकाच पेशीच्या वंशातून मिळालेला वाण), मात्रा आणि यंत्राची रचनाही दिलेली असते. भारतात रक्ताच्या कर्करोगांच्या फ्लो सायटोमेट्री तपासणीविषयी राष्ट्रीय बैठकीतील शिफारशी 2008 साली प्रसिद्ध झाल्या. त्या कामात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील तज्ज्ञांचा सहभाग होता.