बॅटरी की अल्ट्राकपॅसिटर?

सायकलच्या डायनामोवर चालणारा दिवा आठवून पाहा. सायकल थांबली की तो विझे. म्हणजे अंधाऱ्या चौकात, नेमक्या गरजेच्या वेळी. आता सायकल थांबल्यावरही काही मिनिटे तेवत राहणारे मागचे दिवे मिळतात. त्यांतल्या अनेकांत बॅटरी नसते. छोटा अल्ट्राकपॅसिटर असतो.

बॅटरीत ऊर्जा रासायनिक रूपात साठते. ती भरताना आणि वापरताना आतील द्रव्ये बदलतात. त्यामुळे भरायला वेळ लागतो आणि झीजही होते. अल्ट्राकपॅसिटरमध्ये मात्र विद्युतभार पृष्ठभागावर नुसता गोळा होतो. हा पृष्ठभाग बहुधा सच्छिद्र कोळशाचा असतो. एका ग्रॅममधील छिद्रांचे क्षेत्रफळ १००० चौरस मीटरहून अधिक भरू शकते. म्हणूनच तो काही सेकंदांत भरतो आणि लाखो वेळा भरून रिकामा केला तरी टिकतो. मोबाइलची बॅटरी काहीशे ते हजारभर वेळा भरली की मंदावते.

मग मोबाइलमध्ये तो का नाही? हिशेब करू. ४००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १५ वॉट-तास ऊर्जा असते आणि तिचे वजन ७० ग्रॅमच्या आसपास भरते. नेहमीच्या अल्ट्राकपॅसिटरमध्ये किलोमागे ५-६ वॉट-तास मावतात. म्हणजे खिशात अडीच-तीन किलोंचे ओझे! शिवाय वापराबरोबर त्याचे व्होल्टेज उतरते. ते निम्मे झाले की ऊर्जा चौथाईच उरते. नुसता ठेवला तरी तो बॅटरीपेक्षा लवकर रिता होतो.

त्याचे खरे काम वेगळे आहे : थोडी वीज, पण झटपट आणि वारंवार. वीज जाताच स्मार्ट मीटरला शेवटचा संदेश पाठवायचा असतो, संगणकाला अर्धवट लिहिलेली माहिती वाचवायची असते. तिथे तो चपखल बसतो. शांघायमध्ये २००६ पासून थांब्याथांब्यावर भरून घेणाऱ्या बसगाड्याही त्यावर धावल्या.

पेटीबंद उपकरणातील बॅटरी संपली की पुष्कळदा धडधाकट उपकरणही भंगारात जाते. अशा ठिकाणी हा पर्याय मोलाचा आहे. तेव्हा उपकरण घेताना विचारा : एका वेळी किती वीज लागते, आणि पुन्हा भरायची सोय किती जवळ आहे? आडात पाणी पुष्कळ, पण ते शेंदावे लागते. घंगाळातले थोडे, पण लगेच हाती येते. घरात दोन्ही लागतात.